तळलेल्याला दोष नसतो

काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, स्वच्छता तपासायला आलेल्या बाई माझ्या स्वयंपाकघरात जेमतेम दीड तास होत्या. त्यातली पंधरा मिनिटं तरी त्यांनी मिसळणाच्या डब्यापाशी काढली. त्याआधी फ्रिजमध्ये आपला थर्मामीटर ठेवून झाला, सिंकखालचं कपाट उघडून झालं, चिमणीच्या जाळीवरून बोट फिरवून झालं. मग ओट्यावरचा स्टीलचा गोल डबा दिसला आणि त्यांनी विचारलं, "हे काय?"

मी कौतुकाने झाकण काढलं. आईने लग्नात दिलेला डबा. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथ्या, मधल्या वाटीत गोडा मसाला, आणि सात वाट्यांना मिळून एक चमचा. हळदीत मोहरीचे चार दाणे लोळत होते. जिऱ्यावर तिखटाची लाली चढली होती. आमच्या घरी हे असंच असायचं. सगळं शेवटी एकाच फोडणीत जाणार, मग वाटीत भेटले काय आणि कढईत भेटले काय!

"एकच चमचा?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

इथे, म्हणजे वेल्समध्ये आणि एकूणच ब्रिटनमध्ये, कायद्याने चौदा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे जिन्नस, ठरवून दिलेली आहेत. पदार्थात त्यांतलं काही असेल तर गिऱ्हाइकाला सांगणं बंधनकारक. त्या यादीत मोहरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, दूध आणि गहू तर आहेतच. यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी माझ्या आईच्या मांडणीसमोर बसून ती केली असावी. त्या दिवशी बाईंनी हिंगाची डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. गव्हाचं पीठ! बाजारी हिंग पिठात घोळलेला असतो हे मला ऐकून माहीत होतं, पण माहीत असणं आणि लक्षात असणं यांत फरक आहे. दोनच आठवड्यांपूर्वी गहू चालत नसलेल्या एका बाईंना मी फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "चकली निव्वळ तांदूळ आणि डाळींची, गव्हाचा कणही नाही." त्यांनी नंतर दुसऱ्याच काही कारणाने ऑर्डर रद्द केली. ते कारण काय होतं हे मी कधी विचारलं नाही. देवाची कृपा म्हणून सोडून दिलं.

'क्रॉस-कंटॅमिनेशन'ला, म्हणजे एकातलं दुसऱ्यात मिसळण्याला, मराठीत चपखल शब्द नाही असं मी समजत होते. आपल्याकडे त्याचा चक्क डबा असतो, आणि नावही किती प्रामाणिक.

*

धंदा म्हणावा असं काही माझ्या मनात नव्हतं. दिवाळीत ओळखीच्या चार घरांना चिवडा-चकली दिली, पुढच्या वर्षी ती चारांची चौदा झाली, मग कुणीतरी शनिवारचा डबा मागितला. मसालेभात, मटकीची उसळ, पोळ्या, कोशिंबीर. पैसे घ्यायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, नोंदणी कर. इथे अन्नाचा धंदा सुरू करण्याच्या निदान २८ दिवस आधी काउन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. फी नाही. पण नोंदणी झाली की तुमचं स्वयंपाकघर हॉटेलांच्या आणि खाटकांच्या रांगेत जाऊन बसतं आणि कधीतरी दाराची बेल वाजते.

मला आले पंचवीस मार्क.

पंचवीस म्हटल्यावर सातारच्या माझ्या बाबांनी फोनवर जरा थांबून विचारलं, "कितीपैकी?" त्यांना समजावून सांगताना माझीच उजळणी झाली. इथली गुणपत्रिका उलटी असते, मार्क जितके जास्त तितकी लाज मोठी. तीन विषय. पहिला, अन्न कसं हाताळता: शिजवणं, गार करणं, पुन्हा तापवणं, साठवणं. दुसरा, जागा: भिंती, फरशी, सिंक, उजेड, उंदीर-झुरळं. हे दोन्ही पंचवीस-पंचवीसचे. तिसऱ्याचं इंग्रजी नाव 'कॉन्फिडन्स इन मॅनेजमेंट'. म्हणजे आम्ही इथून गेल्यावरही तुम्ही असंच वागाल यावर आमचा किती भरवसा. हा तीसचा. एकूण ऐंशी. पंधरापर्यंत राहिलात, आणि एकाही विषयात पाचाच्या वर गेला नाहीत, तर पाचाचं, म्हणजे सगळ्यात वरच्या रेटिंगचं, हिरवं-काळं स्टिकर. पन्नासच्या वर गेलात की शून्य. पंचवीस म्हणजे तीन, 'एकंदरीत समाधानकारक'. लग्न जमवताना मुलाबद्दल असं कुणी सांगितलं तर आपण पुढचं स्थळ बघतो.

जागेचे माझे पाच गेले ते सिंकमागच्या काळ्या पडलेल्या सिलिकॉनमुळे आणि वॉशिंग मशीनमुळे. इथल्या घरांत कपडे धुण्याचं मशीन ओट्याखालीच असतं, आणि मी डब्याच्या पोळ्या लाटताना त्यात नवऱ्याचे फुटबॉलचे मोजे फिरत होते. उरलेले दहा भातात गेले आणि दहा कागदात.

*

भाताचं सांगते, कारण ते मला अजून पचलेलं नाही.

बाईंनी विचारलं, "मसालेभात शिजल्यावर गार कसा करता?" मी म्हटलं, पातेल्यावर ताटली अर्धवट सरकवून ओट्यावर ठेवते. "किती वेळ?" गार होईपर्यंत. "म्हणजे किती?" आता याला काय उत्तर देणार? पातेल्याला हात लावून बघायचा, कोमट लागला तर अजून थांबायचं. माझ्या आईला, आजीला आणि तिच्या आईला हा प्रश्न कुणी विचारला नसेल.

बाईंनी मग ओट्याला टेकून मला नीट समजावलं, आणि तिथे त्या मला आवडल्या. तांदळावर बॅसिलस सिरीयस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात उबदार जागी तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांतले काही असं विष तयार करतात की नंतर भात कितीही कडकडीत तापवा, ते जात नाही. म्हणून भात तासाभरात गार करायचा, फ्रिजमध्ये टाकायचा, चोवीस तासांत संपवायचा, आणि तापवायचा तर एकदाच.

मला डोळ्यांपुढे दिसला तो फोडणीचा भात. रात्रीचा उरलेला, टोपात तसाच झाकून ठेवलेला, सकाळी हाताने मोकळा केलेला, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतलेला, वर लिंबू. शाळेच्या डब्यातला राजा. तीस वर्षं खाल्ला आणि काही झालं नाही, असं मी बाईंना म्हणणार होते. पण लहानपणी दर उन्हाळ्यात आमच्या घरी कुणाला ना कुणाला 'उलट्या' व्हायच्या आणि त्याचा दोष ठरलेला असायचा: बाहेरचं खाल्लं असेल! कधी बर्फाचा गोळा, कधी भेळ. घरच्या टोपाकडे कुणी संशयाने पाहिल्याचं मला आठवत नाही. बाहेरचं ते वाईट, घरचं ते शुद्ध. या एका वाक्यावर आपण किती जंतूंना आसरा दिला असेल कोण जाणे.

*

तीनाचं स्टिकर दारावर लावावं लागलं. इंग्लंडमध्ये असते तर ते मी खणात ठेवून देऊ शकले असते. तिथे रेटिंग वेबसाइटवर दिसतं, पण दारावर लावायची सक्ती नाही. त्यामुळे तिथल्या रस्त्यावरून चालताना पाचच पाच दिसतात आणि बाकीच्या काचा कोऱ्या. वेल्समध्ये २८ नोव्हेंबर २०१३ पासून सक्ती आहे. गिऱ्हाईक आत शिरेल त्या प्रत्येक दारावर ते दिसलंच पाहिजे, कुणी फोनवर विचारलं तर खरा आकडा सांगितलाच पाहिजे, नाही तर दोनशे पौंडांचा दंड. उत्तर आयर्लंडने २०१६ साली तसाच कायदा आणला. स्कॉटलंडची तऱ्हा वेगळी. तिथे आकडे नाहीतच, 'पास' किंवा 'सुधारणा हवी'. मला तेच बरं वाटलं असतं. तीन म्हणजे काय, हे सांगताना फार बोलावं लागतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने स्टिकरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "काळजी नको, चव पाचाची आहे." त्या आकड्याला चवीशी काही देणंघेणं नसतं. पण हा मेसेज वाचून मी रडले हे खरं.

वेल्सच याबाबतीत एवढं कडक का, हे शेजारच्या आजीबाईंनी सांगितलं. त्यांचा नातू तेव्हा इथल्याच खोऱ्यातल्या एका शाळेत होता. २००५ च्या सप्टेंबरात साउथ वेल्समधल्या ४४ शाळांत ई. कोलाय ओ-१५७ या जंतूची साथ पसरली. दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली, बहुतेक मुलंच, आणि पाच वर्षांचा एक मुलगा गेला. शाळांना शिजवलेलं मांस पुरवणाऱ्या एका खाटकाने कच्च्या आणि शिजवलेल्या मांसाला व्हॅक्यूम-पॅकिंगचं एकच मशीन वापरलं होतं. दोन गोष्टी, एक यंत्र. मला माझा चमचा आठवला. तुलना बरोबर नाही हे कळतं, तरी आठवला.

प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशीचा अहवाल २००९ मध्ये आला. मला त्यातली एक गोष्ट जंतूंपेक्षा भयंकर वाटली. त्या खाटकाने काही नोंदी खोट्या लिहिल्या होत्या आणि तो निरीक्षकांशी खोटं बोलला होता. म्हणजे कागद जागेवर होते. निरीक्षक येऊनही गेले होते.

हे वाचल्यावर मला तो तिसरा, तीस मार्कांचा विषय जरा कळायला लागला. तोवर मी चिडून होते. माझं घर आरशासारखं लख्ख, आणि दहा मार्क कशाला गेले तर वही नाही म्हणून! इथे छोट्या धंद्यांसाठी 'सेफर फूड, बेटर बिझनेस' नावाचं बाड मिळतं. त्यात एक डायरी असते. रोज सकाळ-संध्याकाळची तपासणी झाली की सही करायची आणि एरवी काही लिहायचं नाही. काही बिनसलं तरच लिहायचं. फ्रिजचं दार उघडं राहिलं, उसळ नीट तापली नव्हती, अमुक फेकून दिलं. मी ते बाड छापून आणलं होतं आणि दिवाळी अंकासारखं टीपॉयवर ठेवलं होतं. एकही पान भरलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांत तुमच्याकडे काहीच चुकलं नाही?" मी अभिमानाने नाही म्हणाले. तिथेच मार्क गेले.

*

मग सासूबाई आल्या.

सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा. त्यावर काम करता येत नाही, म्हणून त्यांना मी ओट्यापासून लांब, खिडकीपाशी खुर्ची दिली. झालं उलटंच, मला दुसरी इन्स्पेक्टर मिळाली. सासूबाई कोकणातल्या, सोवळ्यात वाढलेल्या आणि अजून बरंचसं पाळणाऱ्या. नैवेद्याचा स्वयंपाक धूतवस्त्रात. चव बघायची नाही. कढईतला डाव तोंडाला लावणं तर सोडाच, पळीवरची आमटी तळहातावर घेऊन चाटली तरी हात धुऊन यायचं. खरकटा हात कशाला लागला की ती वस्तू धुवायची. केस बांधलेले. अंगठ्या काढलेल्या. काउन्सिलच्या पहिल्या पत्रातल्या सूचना मी त्यांना वाचून दाखवल्या तर म्हणाल्या, "यात नवीन काय आहे? हे तर आमच्याकडे आत्याबाई सांगायच्या."

आणि खरंच, काही ठिकाणी दोन्ही शास्त्रं एका गावी येतात. सोवळ्यात सगळ्यात नाजूक काय, तर भात. पाण्यात शिजलेलं अन्न लगेच खरकटं होतं, त्याला पटकन दोष लागतो. लाह्या, पोहे, तळण यांना तेवढी भीती नाही. 'तळलेल्याला दोष नसतो' हे सासूबाईंचं पेटंट वाक्य. प्रवासात दशम्या आणि पुऱ्या चालतात, भात चालत नाही. काउन्सिलचं म्हणणंही तेच: चकली, शेव, शंकरपाळे कोरडे जिन्नस, धोका कमी, भात आणि उसळ ओले, तिकडे लक्ष द्या.

इथे थांबून 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असा मेसेज पुढे पाठवायचा मोह होतो. मला तो झाला होता. पण भाताला दोष कशाने लागतो, हा प्रश्न विचारला की वाटा फुटतात. काउन्सिल विचारते, भात किती वेळ बाहेर होता? सोवळं विचारतं, भाताला कोण शिवलं? पहिल्या प्रश्नाला घड्याळ लागतं. दुसऱ्याला आडनाव.

डायरीवरून मात्र आमचं वाजलं. एका शनिवारी उसळीचं पातेलं गॅस बंद करून अर्धा तास तसंच राहिलं आणि थर्मामीटरने ५८ दाखवले. गरम ठेवायचं अन्न ६३ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. मी उसळ पुन्हा खणखणीत तापवली आणि डायरीत लिहिलं. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. "अगं, आपल्याच वहीत आपलीच चूक कशाला लिहायची? उद्या ती बाई वाचेल ना!" मी म्हटलं, "आई, तिने वाचावी म्हणूनच." त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटायला त्या खाटकाची गोष्ट लागली. चुकाच नसलेली वही इथे कुणी खरी मानत नाही.

*

मध्ये पुण्याला जाऊन आले. तिथे आमचं खाण्याच्या जागा पारखण्याचं शास्त्र फार जुनं आहे. गर्दी आहे म्हणजे माल खपतोय, खपतोय म्हणजे ताजा आहे. तेल काळं आहे का बघ. फडकं कुठलं वापरतोय बघ. मामांचं शास्त्र याच्याही पुढचं. ते पाणीपुरीवाल्याच्या हातांकडे न बघता त्याला गाव विचारतात आणि मग ठरवतात. गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो, आणि बहुतेकांना ते स्वच्छतेचं प्रमाणपत्र वाटतं. तो परवाना किंवा नोंदणी. गाडीच्या नंबरप्लेटवरून गाडीचे ब्रेक कळत नाहीत, तसंच ते. एफएसएसएआयची एक ते पाच हसऱ्या चेहऱ्यांची हायजिन रेटिंगही आहे, पण ती ऐच्छिक. ज्याला हवी तो मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घेतो. म्हणजे रडका चेहरा लावायला कुणी आपणहून जाणार नाही. मी त्या आठवड्यात मुद्दाम शोधलं, मला पाच चेहरे एका बेकरीत दिसले आणि बाकी कुठेच नाहीत. मिसळ अर्थात जिथे एकही चेहरा नव्हता तिथेच खाल्ली. दोन तर्री.

अशा पाट्यांनी माणसं आजारी पडायची कमी होतात का? लॉस एंजेलिसमध्ये १९९७ साली टीव्हीवाल्यांनी छुप्या कॅमेऱ्याने हॉटेलांची स्वयंपाकघरं दाखवली, गहजब झाला, आणि १९९८ पासून दारावर ए-बी-सी अशी अक्षरं आली. २००३ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यानंतर अन्नबाधेने इस्पितळात दाखल होणारे सुमारे वीस टक्क्यांनी घटले. हा आकडा जगभर फिरला. न्यूयॉर्कने २०१० मध्ये अक्षरं लावली. आणि २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा मांडलं, तर त्या सुमारास साल्मोनेला नावाच्या जंतूची एक मोठी साथ येऊन ओसरली होती आणि घट तिच्यामुळे दिसत होती. पाट्यांना श्रेय देण्याइतका पुरावा उरला नाही. माझ्या दारावरच्या स्टिकरने कुणाचं पोट वाचलं हे मी सांगू शकत नाही. माझं वागणं बदललं एवढं सांगू शकते. मिसळणाच्या डब्यात आता सात चमचे आहेत आणि झाकण नीट बसत नाही.

*

दिवाळीआधी ऑर्डरी वाढल्या आणि मला मदत लागली. युनिव्हर्सिटीत एमएस्सी करणारी लातूरकडची एक मुलगी मिळाली. विद्यार्थ्यांना सत्रात आठवड्याला वीस तास काम करता येतं. ती आली त्या दिवशी सासूबाईंनी चहा दिला, गावाकडची चौकशी केली, पाऊस कसा झाला विचारलं, आणि मग तो प्रश्न आला. अगदी सहज, साखर किती घालू विचारावं तसा.

"आडनाव काय गं तुझं?"

मुलीने सांगितलं. सासूबाई "हं" म्हणाल्या. त्या "हं"ची लांबी मराठी माणसालाच मोजता येते. मुलीलाही आली. तिने कप खाली ठेवला, बाही वर केली आणि हात धुवायला गेली. वीस सेकंद, साबण लावून, नळ कोपराने बंद करून. मी बघत होते. सासूबाईही बघत होत्या.

रात्री त्या मला म्हणाल्या, "मी काही म्हटलं का?" त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. मी भांडले नाही. का नाही भांडले याचं मला अजून उत्तर देता येत नाही. २०१७ मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली होती, की स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात लपवली आणि आमचं सोवळं मोडलं. गदारोळ झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. त्या स्वयंपाकात कुणी आजारी पडल्याचं कुणाचंच म्हणणं नव्हतं. आणि १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी त्यात दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतल्या. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून ते शुद्ध झालं म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात काउन्सिलच्या तक्त्यात बसवून पाहिलं. अन्न हाताळणी, पंचवीसपैकी पंचवीस.

पण हे सगळं मी त्या रात्री मनातच म्हटलं. बाहेर म्हटलं ते एवढंच, "आई, उद्या चकल्या तीच तळणार आहे."

फेरतपासणीसाठी मी अर्ज केला होता, फी भरली होती. फेरतपासणी न सांगता होते. बाई नेमक्या त्याच आठवड्यात आल्या, कढईत चकल्या असताना. त्यांनी डायरी चाळली, ५८ अंशांच्या पानावर थांबल्या, मान हलवली आणि पुढे गेल्या. भात गार कसा करता म्हणून विचारलं, मी परात दाखवली. डब्यातले सात चमचे पाहून त्या हसल्या. मग लातूरच्या मुलीकडे वळून त्यांनी तिला दोन-तीन प्रश्न विचारले. ती झाऱ्याने चकल्या उलटत उत्तरं देत होती.

खिडकीपाशी सासूबाईंची चुळबूळ चालली होती. "काय विचारलं गं तिने हिला?"

"पोट बिघडलं, उलट्या झाल्या तर काय करशील, असं विचारलं. शेवटची उलटी-जुलाब थांबल्यावर ४८ तास कामावर यायचं नसतं. तेवढं सांगितलं तिने. आणि हाताला कुठे जखम आहे का."

"आणि?"

"आणि काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

सासूबाई बराच वेळ कढईकडे बघत होत्या.

पाचाचं स्टिकर पंधरवड्याने आलं, इंग्रजी आणि वेल्श दोन्ही भाषांत. वेल्शमध्ये 'फार छान'ला 'दा याउन' म्हणतात, ते सासूबाईंनी पाठ केलं आणि शेजारच्या आजीबाईंना ऐकवलं. त्या बदलल्या वगैरे मी म्हणणार नाही. बाई गेल्यावर त्या दिवशी मुलीने कागदावर निथळत ठेवलेल्या चकल्यांतली एक त्यांनी उचलली, मोडून बघितली, नळी पडली होती. खाल्ली. "काटा छान आलाय," म्हणाल्या, आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर, "तळलेल्याला दोष नसतो."

रात्रीचा भात मात्र त्यांनी स्वतःच लावला. उरलेला परातीत पसरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.